कुणाचा वाटा किती?

परदेशी नियतकालिकांच्या वर्गणीचा व्यवहार इतर खरेदीसारखा नसतो. कपाट घ्यायचे असेल तर तीन दुकानांतून कोटेशन मागवता येतात आणि कमी भावाच्या दुकानदाराला ऑर्डर देता येते. एखादे संशोधन नियतकालिक मात्र एकाच प्रकाशकाकडे मिळते आणि त्यातला लेख हवा असेल तर दुसऱ्या नियतकालिकातल्या लेखाने ती गरज भागत नाही. त्यात भाव बहुधा डॉलरमध्ये किंवा पौंडात असतो. रुपया घसरला की प्रकाशकाने काही न वाढवताही आमचे बिल वाढते. अशा बाजारात एकेकट्या ग्रंथालयाने घासाघीस करायला जाण्यात अर्थ नसतो, म्हणून ग्रंथालयांनी गट करून एकच मागणी पुढे ठेवायची, एकच करार करायचा आणि येणारा खर्च आपापसांत वाटून घ्यायचा, ही पद्धत रूढ झाली. तिलाच आम्ही मंडळी कन्सोर्शियम म्हणतो. बेळगावच्या एका अनुदानित महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करताना मला या व्यवस्थेचा फायदा रोज दिसतो. पण खर्च कोणत्या हिशेबाने वाटला जातो, आणि गटात कोणाला घ्यायचे व कोणाला नाही हे कोण ठरवते, याबद्दल आमच्याकडे फारसे बोलले जात नाही. या लेखात मुख्यतः तेवढेच मांडायचे आहे.

इतिहास थोडक्यात सांगतो. ब्रिटनमध्ये १९९६ साली उच्च शिक्षणाला निधी देणाऱ्या परिषदांनी काही प्रकाशकांशी सगळ्या विद्यापीठांसाठी एकत्रित परवान्याचा प्रयोग केला. त्याच सुमारास अकॅडेमिक प्रेससारख्या प्रकाशकांनी आपली सगळी नियतकालिके एका गठ्ठ्यात देऊ केली. पुढे याच गठ्ठ्याला ‘बिग डील’ हे नाव पडले. भारतात २००३ मध्ये दोन मोठ्या व्यवस्था उभ्या राहिल्या. विद्यापीठांसाठी यूजीसी-इन्फोनेट ही एक, तिचे काम गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राकडे होते. अभियांत्रिकी व तंत्रशास्त्राच्या संस्थांसाठी इंडेस्ट ही दुसरी, तिचे कार्यालय दिल्लीच्या आयआयटीत होते. महाविद्यालयांची पाळी २०१० मध्ये एन-लिस्ट ही त्यांच्यासाठीची योजना आल्यावर लागली, आणि २०१५ मध्ये या तिन्ही योजना ई-शोधसिंधू या एका छत्राखाली आल्या. आमच्यासारख्या ग्रंथालयाच्या दृष्टीने यातले खरे वळण २०१० चे. त्याआधी जेस्टोर या जुन्या नियतकालिकांच्या ऑनलाइन संग्रहातला लेख हवा असेल, तर धारवाडच्या किंवा कोल्हापूरच्या विद्यापीठात कोणी ओळखीचे आहे का ते आधी शोधावे लागे.

प्रकाशक गटाला सवलत देतो यात त्याचे औदार्य नाही. छापील अंकाची आणखी एक प्रत काढायची तर कागद, शाई आणि टपाल यांचा खर्च येतोच; पण सर्व्हरवर असलेला लेख आणखी शंभर महाविद्यालयांना उघडून देण्यात त्याचे जवळजवळ काहीच जात नाही. आमच्या भागात सामाईक विहिरीचा हिस्सा अजूनही आण्यांत सांगतात, म्हणजे कोणाचे चार आणे, कोणाचे दोन आणे. मोटारीच्या दुरुस्तीचा आणि विजेच्या बिलाचा खर्चही त्याच प्रमाणात वाटतात आणि पाण्याच्या पाळ्याही त्यावरच लागतात. ई-संसाधनांच्या, म्हणजे ऑनलाइन नियतकालिके-पुस्तकांच्या, गटातही आणेवारी ठरवावी लागतेच. पण इथे एकाने उपसा जास्त केला म्हणून दुसऱ्याचे पाणी कमी होत नाही, त्यामुळे जास्त वापरणाऱ्याने जास्त पैसे का द्यावेत या प्रश्नाला विहिरीवर जितके सरळ उत्तर मिळते तितके इथे मिळत नाही.

आकडे घेऊन पाहू. हे आकडे केवळ उदाहरणापुरते आहेत. पाच महाविद्यालयांनी मिळून वर्षाला दहा लाख रुपयांचा एक संच घ्यायचे ठरवले आणि त्यांची विद्यार्थिसंख्या अनुक्रमे ३,०००, १,५००, ८००, ५०० आणि २०० आहे, असे समजा. खर्च सारखा वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन लाख येतात. हिशेब सोपा, पण तीन हजार विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयाला तो माणशी सुमारे ६७ रुपये पडतो आणि दोनशे विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयाला माणशी एक हजार. हे लहान महाविद्यालय दुसऱ्या वर्षी गटातून बाहेर पडणार, हे सांगायला ज्योतिषी नको. आता पूर्णपणे विद्यार्थिसंख्येवर वाटणी केली, तर मोठ्या महाविद्यालयाला पाच लाख आणि लहानाला ३३,३३३ रुपये येतात. मग मोठ्या महाविद्यालयाचे प्राचार्य विचारतात की आमचे बहुतेक विद्यार्थी बी.ए., बी.कॉम.चे आहेत, ते परदेशी नियतकालिके उघडतही नाहीत, तर आम्ही निम्मा खर्च का उचलायचा? त्यांचा प्रश्न गैर नाही. म्हणून अनेक ठिकाणी मधला मार्ग काढतात. अर्धा खर्च सारखा आणि अर्धा संख्येनुसार वाटला, तर वरच्या उदाहरणात मोठ्याला साडेतीन लाख आणि लहानाला १,१६,६६७ रुपये येतात. लहानाला हेही जडच जाते, पण दोन लाखांच्या मानाने पुष्कळ हलके.

चौथी एक रीत आहे, ती मला सर्वांत अन्याय्य वाटते आणि जगभर तीच जास्त चालत आली. गट होण्याआधी ज्या ग्रंथालयाचा छापील नियतकालिकांवर जितका खर्च होता, तोच पाया धरून पुढचा वाटा ठरवायचा, ही ती रीत. प्रकाशकाला ती सोयीची, कारण त्याचे जुने उत्पन्न अबाधित राहते आणि वर दरवर्षी काही टक्के वाढही मिळते. ज्या ग्रंथालयाने वीस वर्षांपूर्वी हौसेने खूप नियतकालिके घेतली, ते मात्र त्या हौसेची किंमत पुढे कायम मोजत राहते.

वापराप्रमाणे वाटणी करावी, हे ऐकायला सर्वांत न्याय्य वाटते. वापर मोजण्याचे साधनही आता आहे. काउंटर या नावाने ओळखली जाणारी मोजणीची प्रमाणित पद्धत प्रकाशक आणि ग्रंथालये यांनी मिळून २००३ पासून अमलात आणली. काही सेकंदांत दोनदा क्लिक केले तर ते एकदाच धरायचे की दोनदा, इथपर्यंतचे नियम तिच्यात आहेत. वर्गणीला उघडलेल्या लेखांच्या संख्येने भागले की एका लेखाला किती रुपये पडले ते कळते. पण वाटाच वापरावर ठरला, तर वापर वाढवणाऱ्या ग्रंथपालाच्या महाविद्यालयाचे बिल पुढच्या वर्षी वाढणार. मग शहाणा कारभारी वापर वाढवू नका असेच सुचवणार. आकडा हाती असावा, करार नूतन करताना तो प्रकाशकासमोर ठेवावा, पण वाटणीचा मुख्य आधार तो नसावा, असे माझे मत आहे. लहान महाविद्यालयाचा वापर कमी दिसण्याची कारणेही त्या आकड्यात उमटत नाहीत. खानापूर तालुक्याच्या जंगलपट्ट्यातून येणारी आमची एक विद्यार्थिनी निपाणीच्या विडी कामगार स्त्रियांवर प्रकल्प करत होती आणि तिला ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’चे जुने अंक पाहायचे होते. ती माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाली, “सर, पासवर्ड घेईना झालाय बघा ओ.” पासवर्ड बरोबर होता. एन-लिस्टच्या नूतनीकरणाची वर्गणी भरण्याचा कागद कार्यालयात सहीसाठी पडून होता आणि तोवर आमच्या सगळ्यांचीच खाती बंद झाली होती. त्या महिन्याच्या अहवालात आमच्यापुढे शून्य दिसले असणार, आणि ते पाहणाऱ्याने इथे कोणी वाचत नाही असाच अर्थ काढला असणार.

ती वर्गणी किती होती, हेही सांगायला हवे. एन-लिस्टमध्ये अनुदानित महाविद्यालयाला वर्षाला पाच हजार रुपये, १८ टक्के जीएसटी धरून ५,९००, एवढेच भरावे लागत आले आहेत. त्यात सहा हजारांहून अधिक नियतकालिके आणि दीड लाखाहून अधिक ई-पुस्तके मिळतात. अर्थात हा त्यांचा बाजारभाव नव्हे. खरा खर्च केंद्र सरकारच्या निधीतून होतो आणि महाविद्यालयाचा वाटा नावापुरता असतो. माझ्या मते हा नावापुरता वाटाही असावा, कारण फुकट मिळालेल्या गोष्टीची चौकशी कोणी करत नाही, आणि ५,९०० रुपये भरले की निदान एक माणूस तरी वर्षातून एकदा विचारतो की याचे काय झाले. आमच्याकडे तो माणूस म्हणजे ऑडिटर. पुस्तके घेतली तर ॲक्सेशन रजिस्टरमध्ये, म्हणजे ग्रंथालयात दाखल झालेल्या पुस्तकांच्या नोंदवहीत, नंबर कुठे आहेत, असा त्यांचा प्रश्न असतो. नंबर नाहीत, कारण पुस्तके आपल्या मालकीची नाहीत. वर्षभर वाचण्याची परवानगी तेवढी घेतली आहे, असे सांगितले की ते पेन खाली ठेवून चष्म्यावरून बघतात. त्यांची शंका रास्त आहे. छापील अंक वर्गणी थांबली तरी कपाटात राहतो. ई-अंक वर्गणी थांबली की जुन्या वर्षांसकट जाऊ शकतो. मागील अंकांवरचा हक्क करारात लिहून घेणे हे गटाचे एक महत्त्वाचे काम आहे, आणि एकट्या महाविद्यालयाला ते जमण्यासारखे नाही.

आता कुंपणांविषयी, म्हणजे कोणत्या गटात कोण येतो आणि कोण येत नाही याविषयी. सीमाभागात आम्हांला सीमा म्हटली की एकच सीमा आठवते, पण ई-संसाधनांच्या बाबतीत बेळगाव शहरातच निरनिराळ्या सीमा एकमेकींना छेदून जातात. मच्छे येथे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय आहे आणि त्या विद्यापीठाचे कन्सोर्शियम राज्यभरच्या संलग्न अभियांत्रिकी महाविद्यालयांसाठी आहे. इथले सरकारी वैद्यकीय महाविद्यालय बंगळूरच्या राजीव गांधी आरोग्यविज्ञान विद्यापीठाला संलग्न, म्हणून त्याला त्या विद्यापीठाचे २००३ पासून चालत आलेले हेलिनेट हे कन्सोर्शियम. शहरातले अभिमत विद्यापीठ आपला खर्च आपण पाहते. अरभावीच्या उद्यानविद्या महाविद्यालयासारख्या संस्थांसाठी कृषी संशोधन परिषदेचे सेरा हे कन्सोर्शियम आहे. आणि कला, वाणिज्य, विज्ञानाची आमची महाविद्यालये २०१० पर्यंत धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाला आणि त्यानंतर भूतरामनहट्टीच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाला जोडलेली, त्यांच्यासाठी एन-लिस्ट. एकाच गल्लीत राहणारी दोन भावंडे वेगवेगळ्या महाविद्यालयांत असली, तर एकाला जे लेख उघडतात ते दुसऱ्याला दिसतही नाहीत.

उलट, राज्याची सीमा जिथे जमिनीवर आहे तिथे ती या व्यवहारात पुसली गेली, हेही खरे. निपाणीला लागून असलेल्या अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात आहे आणि शिवाजी विद्यापीठाला संलग्न आहे. तिथून निपाणीच्या बाजारपेठेत चालत जाता येते. निपाणीतली महाविद्यालये राणी चन्नम्मा विद्यापीठाची. अभ्यासक्रम वेगळा, परीक्षा वेगळी, विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे कार्ड वेगळे. पण राष्ट्रीय योजनेचे दार दोघांनाही एकाच अटीवर उघडते, कारण तिचा नियम विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) कायद्यातल्या २(एफ) आणि १२(बी) या कलमांखालच्या मान्यतेवर बेतलेला आहे, राज्यावर नव्हे.

२०२५ च्या १ जानेवारीपासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही देशभरासाठी एकच वर्गणी भरण्याची केंद्राची योजना सुरू झाल्यावर मात्र एक नवे कुंपण आले. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी या योजनेला मंजुरी दिली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशकांची जवळजवळ १३,००० नियतकालिके, ६,३०० हून अधिक संस्था आणि सुमारे १.८ कोटी विद्यार्थी, अध्यापक व संशोधक, असा तिचा आवाका आहे. भागाकार केला तर एका नियतकालिकाला वर्षाला पंधरा लाखांच्या आसपास आणि लाभार्थी म्हणून धरलेल्या प्रत्येक माणसामागे वर्षाला सुमारे १,१०० रुपये पडतात. हा दुसरा आकडा पाहून खर्च थोडा वाटतो. पण त्या माणसांतले किती जण खरोखर लेख उघडतील ते कळेपर्यंत त्या आकड्यावर खूश होण्यात अर्थ नाही. वाटणीचा प्रश्न इथे संपूर्णपणे सुटला आहे, कारण वाटणीच नाही. सगळा भार केंद्राच्या तिजोरीवर आहे. प्रवेशाचा प्रश्न मात्र उरला. पहिला टप्पा केंद्र व राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था यांच्यासाठी आहे. बेळगाव जिल्ह्यातली बहुतेक जुनी महाविद्यालये शिक्षणसंस्थांनी लोकवर्गणीतून उभारलेली आहेत. त्यांच्या अध्यापकांचा पगार अनुदानातून होतो, पण व्यवस्थापन संस्थेचे असते. शब्दशः पाहिले तर ती सरकारी व्यवस्थापनात बसत नाहीत. कालपरवा निघालेले, इमारतीचीही वानवा असलेले सरकारी पदवी महाविद्यालय आत येते आणि पन्नास-साठ वर्षांची अनुदानित संस्था उंबऱ्याबाहेर थांबते. पुढच्या टप्प्यांत खासगी संस्थांचाही विचार होईल असे सांगितले गेले आहे. तोवर आमचा आधार ५,९०० रुपयांचाच.

मोठ्या गठ्ठ्याविषयी सावध करणारेही आहेत. विस्कॉन्सिन विद्यापीठाचे ग्रंथपाल केनेथ फ्रेझर यांनी २००१ मध्येच लिहिले होते की बिग डीलमध्ये एकदा शिरले की ग्रंथालयाला नको असलेली नियतकालिके काढून टाकण्याची मोकळीक उरत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१९ मध्ये एल्सव्हिअर या बड्या प्रकाशकाबरोबरची चर्चा मोडली आणि दोन वर्षांनी, २०२१ मध्ये, स्वतःला मान्य होतील अशा अटींवर नवा करार केला. एवढे बळ असणारा ग्राहक उठून जाऊ शकतो. आमच्यासारख्यांच्या बाबतीत गठ्ठ्याचा तोटा वेगळ्या वाटेने येतो. गठ्ठ्यात हजारो नियतकालिके आहेत म्हटल्यावर व्यवस्थापनाला वाटते की नियतकालिकांचा प्रश्न मिटला. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या तक्त्यात ई-संसाधनांचे सभासदत्व दाखवता येते, त्याचे गुण मिळतात. बाराव्या पंचवार्षिक योजनेबरोबर २०१७ मध्ये ग्रंथखरेदीचे अनुदान आटले, तेव्हापासून कात्री लावायची म्हटली की ती आधी छापील नियतकालिकांना लागते. आणि छापील नियतकालिकांमध्ये मराठी अंक असतात. गठ्ठ्यातल्या हजारोंत मराठी वाङ्मयावरचे, सीमाभागाच्या इतिहासावरचे, इथल्या बोलीवरचे असे काय आहे, ते मराठी विभागाच्या प्राध्यापकांनी विचारले की मला शोधगंगा या संकेतस्थळावरचे पीएच.डी.चे प्रबंध दाखवावे लागतात. ते मोलाचे आहेत, पण त्यांना वर्गणी लागत नाही, ते सर्वांनाच खुले आहेत. मराठी विश्वकोश खुला आहे. साहित्य संस्कृती मंडळाची अनेक पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. वर्गणी भरून मिळणाऱ्या भागात मराठी जवळजवळ नाही.

म्हणून गेल्या वर्षभरात आम्ही काही ग्रंथपाल मंडळी आपापसांत एक लहान गट करण्याविषयी बोलतो आहोत. बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड, गडहिंग्लज इथल्या ज्या महाविद्यालयांत मराठी विभाग आहे त्यांनी मराठी नियतकालिकांपुरता सामाईक खर्च करावा, एवढीच कल्पना आहे. पहिले काम पैशाचे नाहीच: कोणाकडे कोणत्या नियतकालिकाचे कोणते बांधीव खंड आहेत याची एकत्र यादी करायची. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचे आहे; तशा जुन्या वाचनालयांना बरोबर घेतले तर यादीला वजन येईल. दुसरे काम चालू अंकांची विभागणी: सगळ्यांनी तीच चार मासिके घेण्याऐवजी प्रत्येकाने वेगळी घ्यायची आणि अनुक्रमणिका सर्वांना पाठवायची, हवा तो लेख मागणाऱ्या वाचकाला पाठवण्यापुरती देवाणघेवाण ठेवायची. तिसरे काम जुन्या खंडांच्या स्कॅनिंगचे, आणि खर्च खरा इथेच आहे. त्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालणारा स्वामित्वहक्क आडवा येतो, त्यामुळे सुरुवात खूप जुन्या अंकांपासून करावी लागेल.

वाटणीसाठी मी अर्धा खर्च सारखा आणि अर्धा मराठी घेणाऱ्या विद्यार्थ्यांच्या संख्येवर असे सुचवले आहे, एकूण विद्यार्थिसंख्येवर नाही. नाहीतर दोनच मराठीचे विद्यार्थी असलेल्या मोठ्या विज्ञान महाविद्यालयाला भुर्दंड बसेल आणि ते येणारच नाही. गडहिंग्लजच्या एका मित्राचा आक्षेप असा की ज्यांच्याकडे जुने खंड आहेत त्यांनी खंड द्यायचे आणि वर पैसेही द्यायचे हे बरोबर नाही, त्यांच्या खंडांची किंमत त्यांच्या वाट्यातून वजा व्हावी. मला त्यांचे पटते. अडले आहे ते गटाच्या नावाने बँकेत खाते काढण्यावर. गटाची नोंदणी कर्नाटकात करायची तर इथला १९६० चा संस्था नोंदणी कायदा लागतो, महाराष्ट्रात करायची तर तिथला विश्वस्त कायदाही येतो, आणि एका राज्यातल्या अनुदानित महाविद्यालयाने दुसऱ्या राज्यातल्या संस्थेला वर्गणी दिली की ऑडिटरांचा चष्मा पुन्हा खाली येणार. सध्याचा विचार असा की नोंदणी करायचीच नाही. प्रत्येक महाविद्यालयाने स्कॅनिंगचे आपल्या वाट्याचे बिल थेट काम करणाऱ्याला द्यावे आणि गटाकडे फक्त सामंजस्य करार आणि यादी असावी. कराराचा मसुदा मराठीत तयार आहे. कन्नड आणि इंग्रजी प्रती झाल्या की प्राचार्यांकडे पाठवायचा आहे.